पोटातला सोनार

मळमड्डी या वस्तीतल्या त्या घराची मागची भिंत आणि मौनप्पा पत्ताराच्या दुकानाची भिंत एकच होती. मौनप्पा सोनारकाम करी. सकाळी आठला तो शेगडी फुंकायचा आणि नवाच्या सुमाराला त्याची हातोडी सुरू व्हायची. टिक टिक, थोडं थांबून पुन्हा टिक टिक. घरातल्या माणसांना तो आवाज इतका अंगवळणी पडला होता, की तो बंद पडला तरच लक्षात यावा. फक्त अनसूया हातातलं काम थांबवून म्हणायची, "सोनार माझ्या पाटल्या ठोकतोय."

तिच्या पाटल्या तिच्या हातातच असायच्या. पण तसं कोणी म्हणायचं नाही, असा घरात नियम होता.

अनसूया ही गुरुराज मास्तरांची बायको. गुरुराज शाळेत गणित शिकवी. आठ वर्षांपूर्वी तिला मूल झालं ते मेलेलंच. त्यानंतर ती जेवेना, झोपेना. भिंतीतून सोनार येतो, मुलाच्या वाळ्यांसाठी ठेवलेलं सोनं वितळवतो, असं म्हणू लागली. शेवटी तिला गावाबाहेरच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवावं लागलं. अकरा महिन्यांनी ती परत आली. बरी नव्हे, पण बऱ्यापैकी. भाकरी पहिल्यासारखी पातळ थापायची, दारात रांगोळी काढायची, पुतणीची वेणी घालायची. सोनार तेवढा राहिला होता. दमली की तो यायचा.

तिथल्या डॉक्टर गलगलींनी घरी पाठवताना एक कागद लिहून दिला होता. गुरुराजनं तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. 'सोनाराविषयी वाद घालू नये. चौकशी करू नये. फार अस्वस्थ झाल्यास बाटलीतलं औषध दोन चमचे देऊन झोपवावं.' पाच वर्षं घर त्या कागदाबरहुकूम चाललं होतं. अनसूया म्हणायची, सोनार आला. गुरुराज म्हणायचा, बरं. आणि गोष्ट तिथंच मिटायची.

घरात आणखी एक नियम होता, तो कुणी कागदावर लिहिला नव्हता. परकं माणूस आलं, की अनसूया माहेरी गेलेली असायची. म्हणजे ती मागच्या खोलीत असायची, दार लोटलेलं असायचं, आणि बाहेर सांगायचं, माहेरी गेलीय. तिचं माहेर अळणावरकडं. आईवडील जाऊन दहा वर्षं झाली होती आणि घराला कुलूप होतं. तरी संक्रांतीला, गौरीला, श्रावणात ती माहेरी जायची. या घरात कुणी वेडं आहे हे बाहेर कळलं तर श्यामलेला स्थळ मिळणार नाही, हे त्यामागचं कारण. श्यामला ही थोरल्या भावाची, मुकुंदराव वकिलांची मुलगी. ती सतरा पुरी करून अठराव्यात होती आणि तीन स्थळं या ना त्या कारणानं फिरली होती.

१९३८ सालच्या त्या गुरुवारी सकाळी घरात लगबग होती. शनिवारी बागलकोटचे लोक श्यामलेला बघायला यायचे होते. मुलगा वकिली शिकून आलेला, बाप राघवेंद्रराव निवृत्त मामलेदार. श्यामलेची आई, गोदावरी वहिनी, डबे उतरवत होत्या. अनसूया रवा चाळत बसली होती.

"काकू, शनिवारी कुठलं पातळ नेसू ग?" श्यामलेनं विचारलं.

"अंजिरी नेस की. हिरव्यात तू कैरीसारखी दिसतेस."

श्यामला खळखळून हसली. गोदावरी वहिनींनाही हसू आलं, पण लगेच त्या म्हणाल्या, "अनसूया, शनिवारी सकाळी तू तेवढं..."

"माहेरी जाते, वैनी," अनसूया चाळणी न थांबवता म्हणाली. "ठाऊक आहे मला."

शुक्रवारी सकाळी ती अंथरुणातून उठली नाही. गुरुराज शाळेला निघायच्या तयारीत होता. तो खोलीत गेला, तर ती भिंतीकडं पाठ करून, पाय पोटाशी घेऊन पडली होती.

"अहो, सोनार आत आलाय."

"बरं," गुरुराज म्हणाला.

"बरं काय? पोटात आलाय. इथं बसलाय." तिनं उजव्या कमरेच्या वर हात ठेवला. "ऐरण मांडून बसलाय. आधी बेंबीपाशी होता, मग इथं सरकला. मारतोय बघा. थांबत नाही."

सोनार आजवर भिंतीत असायचा. पोटात तो कधी आला नव्हता. हे गुरुराजच्या लक्षात आलं, नाही असं नाही. पण चौकशी करू नये असं कागद सांगत होता, आणि पाच वर्षं त्यानं चौकशी केली नव्हती म्हणूनच सगळं नीट चाललं होतं असं त्याला वाटे. त्यानं कपाट उघडलं, बाटली काढली आणि दोन चमचे औषध दिलं. ते कडू होतं. तिनं तोंड वाकडं केलं आणि थोड्या वेळानं झोपली. तो शाळेला गेला. त्या दिवशी त्यानं सातवीला त्रैराशिक शिकवलं.

संध्याकाळी परत आला तेव्हा वहिनी म्हणाल्या, "दोनदा ओकली बघ. रात्रीचा भोपळा बाधला असेल. एरंडेल दिलंय, पोट साफ होईल."

शनिवारी सकाळी तिचं अंग तापलं होतं. गुरुराज ओसरीवर आला. मुकुंदराव दाढी करत होते.

"अण्णा, मुतालिक डॉक्टरांना बोलावून आणतो. अंगात ताप आहे तिच्या."

मुकुंदरावांनी वस्तरा खाली ठेवला. "आत्ता? नऊ वाजलेत. दहाला मंडळी येणार. दारात डॉक्टरचा टांगा दिसला की विचारणार कोण आजारी, काय आजारी. काय सांगणार तू?"

"ताप आला म्हणून सांगू की."

"आणि ती आतून सोनार सोनार म्हणून ओरडली म्हणजे? गुरू, चार तासांचा प्रश्न आहे. श्यामीच्या जन्माचा प्रश्न आहे. मंडळी गेली की तू कुणालाही आण."

 भावानं गुरुराजला शिकवलं होतं, नोकरीला लावलं होतं, अनसूयेला इस्पितळातून परत आणलं तेव्हा घरात घेतलं होतं. त्याला नाही म्हणता आलं नाही. पुढं आयुष्यभर तो त्या नऊ वाजताच्या ओसरीवर परत परत जाऊन उभा राही आणि तिथं त्याला नाही म्हणता येई.

तो आत गेला आणि बायकोला म्हणाला, "दुपारपर्यंत सोस. मग डॉक्टर आणतो."

तिनं त्याच्याकडं बघितलं. "श्यामीला अंजिरी नेसवलंय का?"

"होय."

"मग जावा तुम्ही. मी आवाज करत नाही."

मंडळी आली. बसली, बोलली. श्यामलेनं पोहे दिले, मग रव्याचे लाडू दिले. राघवेंद्ररावांनी लाडू दोनदा मागून घेतला. गुरुराज पानाचं तबक घेऊन उभा होता.

"मास्तर, तुमचं कुटुंब दिसत नाही?" त्यांनी सहज विचारलं.

"माहेरी गेलीय," गुरुराज म्हणाला.

मागच्या खोलीतून काही आवाज आला नाही. नंतर दार उघडलं तेव्हा दिसलं, की तिनं पदराचा बोळा करून तोंडात घातला होता आणि तो रक्तानं भिजला होता. ओठ चावला गेला होता.

मंडळी एक वाजता उठली. गाडी वळणापर्यंत गेली असेल नसेल, तोच मागच्या दाराची कडी वाजली. मौनप्पा पत्तार उभा होता. तो कधी या घरात येत नसे. आपल्या नावानं आत काय चालतं हे त्याला ठाऊक होतं, आणि ते त्यानं कधी मनाला लावून घेतलं नव्हतं. उलट दणक्याचं काम असलं की अनसूया देवळात गेल्यावर तो ते उरकून घेई.

"रायरे, रागावू नका," तो म्हणाला. मास्तरांना तो कानडी रिवाजानं रायरे, म्हणजे राव, म्हणे. "अक्का काल सकाळपासून कण्हतात. भिंतीतून ऐकू येतंय. हातोडी थांबव, थांबव म्हणतात."

"तिचं ते नेहमीचंच, मौनप्पा. तुम्ही मनावर घेऊ नका."

"नेहमीचं नव्हे, रायरे." मौनप्पानं मान हलवली. "काल सकाळी अक्काचा आवाज ऐकला आणि मी हातोडी खाली ठेवली. तेव्हापासून उचलली नाही. शेगडी पण पेटवली नाही. दुकान बंद आहे दोन दिवस. मग अक्काला हातोडी कुठली ऐकू येते?"

 दोन दिवस घर किती शांत होतं, हे पाहुण्यांच्या गडबडीत त्या घरातल्या कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं. गुरुराज आत धावला. पाच वर्षांत पहिल्यांदा त्यानं विचारलं, "अनसूया, कुठं मारतोय सोनार? दाखव बघू मला." तिनं दाखवलं. त्यानं तिथं बोट ठेवलं मात्र, ती किंचाळली.

टांगा मौनप्पानंच आणला. डॉक्टर प्रभंजन मुतालिकांचा खासगी दवाखाना स्टेशनकडच्या रस्त्याला होता. पोटाच्या शस्त्रक्रियेत त्यांचा हात धरणारा त्या भागात कोणी नाही असं लोक म्हणत, आणि ते खरंही होतं. त्यांनी अनसूयेला पाहिलं, गुरुराजला पाहिलं.

"मास्तर, या त्याच ना? इस्पितळात होत्या त्या?"

"होय. पण आता पोटात..."

"काय होतंय हो बाई तुम्हाला?"

"सोनार ऐरण मांडून बसलाय," अनसूया म्हणाली.

डॉक्टरांनी हातातलं स्टेथोस्कोप टेबलावर ठेवलं. नाडी बघितली आणि चिठ्ठी लिहायला घेतली. "हे माझं काम नव्हे, मास्तर. गलगलींकडं न्या. त्यांची रोगी आहे."

"एकदा पोटाला हात लावून बघा की, डॉक्टर."

"सगळ्या वेडातल्या माणसांच्या पोटात कोणीतरी असतंच. कुणाच्या साप, कुणाच्या भूत. कितींची पोटं चाचपू मी? गलगली औषध देतील, झोपेल."

टांगा गावाबाहेर गेला. डॉक्टर जयतीर्थ गलगली पडवीतच भेटले. त्यांनी चिठ्ठी वाचली, अनसूयेला बाकावर निजवलं आणि पोटावर तळहात ठेवला. ते पोट फळीसारखं घट्ट होतं. त्यांचा चेहरा बदलला.

"केव्हापासून?"

"काल सकाळपासून."

"आणि काय दिलं?"

"तुमच्या बाटलीतलं. दोन चमचे. वहिनीनं एरंडेल दिलं."

 "मास्तर, हे अपेंडिक्स आहे. आत्ताच्या आत्ता कापायला हवं. माझ्याकडं सुरी नाही, टेबल नाही. मुतालिकांकडंच परत जा. मी लिहून देतो."

"तुम्हीच चला, डॉक्टर! तुमचं ते ऐकतील. माझं कोण ऐकतं? चिठ्ठीला चिठ्ठी देत फिरतोय मी."

गलगलींनी खाली बघितलं. "बोलावल्याशिवाय दुसऱ्याच्या दवाखान्यात पाऊल टाकायचं नाही, अशी आमच्यात रीत आहे. आणि मुतालिक मला डॉक्टर समजत नाहीत. वेड्यांचा पहारेकरी म्हणतात. तुम्ही हे पत्र द्या. इतकं स्पष्ट लिहिलंय, नाही म्हणणार नाहीत."

परत टांगा. घोडा दमला होता. वाटेत एका खड्ड्यात चाक गचकलं आणि अनसूया एकदम गप्प झाली. गुरुराजनं घाबरून तिचं तोंड आपल्याकडं वळवलं. तिचे डोळे उघडे होते, आणि तोंडावरचा ताण गेला होता.

"अहो," ती म्हणाली, "सोनार उठला. गेला तो."

"गेला?"

"हं. ऐरण घेऊन गेला." ती हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. "मला पाणी द्या थोडं."

गुरुराजच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं देवाला हात जोडले. गलगलींच्या नुसत्या हातानं गुण आला, असं त्याला वाटलं.

मुतालिकांनी पत्र वाचलं आणि ते हसले. "आता पोटाचं गलगली मला शिकवणार! काय हो बाई, दुखतंय का?"

"नाही. सोनार गेला."

"बघा, मास्तर. अपेंडिक्स असं टांग्यात बसून बरं होतं का? भ्रम आला, भ्रम गेला. घरी न्या, पेज द्या."

आणि गुरुराजनं तिला घरी नेलं. आनंदानं नेलं. वहिनींनी पेज केली. श्यामला तिच्या उशाशी बसून सकाळची गंमत सांगू लागली, की मुलगा लाजून सारखा छताकडंच बघत होता. "पाल होती का ग छताला?" अनसूयेनं विचारलं, आणि दोघी हसल्या. ते हसणं ओसरीवर ऐकू आलं.

साडेपाचला दारात सायकल आपटल्याचा आवाज झाला. डॉक्टर गलगली घामानं निथळत आत आले. रीत मोडायची की नाही या विचारात त्यांचे दोन तास गेले होते, आणि शेवटी मोडून ते मुतालिकांच्या दवाखान्यात गेले तेव्हा तिथं कळलं की रोगी घरी गेली.

"कापलं नाही? का?"

"गरज पडली नाही, डॉक्टर," गुरुराज हसत म्हणाला. "दुखायचं थांबलं. वाटेत एकाएकी थांबलं."

गलगलींनी दाराची चौकट धरली. "एकाएकी थांबलं?" ते इतक्या हळू म्हणाले की गुरुराजचं हसू तोंडावरच राहिलं. "अहो मास्तर, ते फुटलं."

मग जे झालं ते फार भराभर झालं. अनसूयेला पुन्हा टांग्यातून दवाखान्यात नेलं, आणि गलगलींनी मुतालिकांना हात धरून ओढत टेबलापाशी आणलं. या खेपेला मुतालिकांनी पोटाला हात लावला, आणि लावल्याबरोबर त्यांचा रंग उडाला. गलगलींनी तिच्या उशाशी उभं राहून तिला धीर दिला, गुंगी दिली. मुतालिकांनी पोट उघडलं. दोन डॉक्टर एका टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहिले, आणि दोघांनी मिळून जे करता येण्यासारखं होतं ते सगळं केलं. दुपारी दोन वाजता ते पुरेसं झालं असतं.

रविवारी सकाळी आठला, मौनप्पाच्या शेगडी फुंकायच्या वेळेला, अनसूया गेली.

मुतालिक बाहेर येऊन गुरुराजच्या शेजारी बाकावर बसले. रात्रभर ते घरी गेले नव्हते.

"दुखणं एकाएकी थांबणं हे वाईट लक्षण," ते म्हणाले. "हे मला ठाऊक आहे, मास्तर. वीस वर्षं ठाऊक आहे. दुसऱ्या कुठल्याही बाईनं असं सांगितलं असतं, तर मी तिला दाराबाहेर जाऊ दिलं नसतं." मग म्हणाले, "मी तिचं पोट बघितलंच नाही. मी तिचं नाव ऐकलं."

गुरुराजला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण औषधाचे दोन चमचे त्यानं दिले होते, आणि माहेरी गेलीय असंही तोच म्हणाला होता. 

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी राघवेंद्रराव भेटायला आले. श्यामला त्यांना पसंत होती, तिथीही धरायची होती. घरात दुःख झालं म्हणून ते आधी समाचाराला आले होते.

"फार वाईट झालं," ते म्हणाले. "कुठं झालं हे? काय झालं होतं?"

"माहेरीच," मुकुंदराव चटकन म्हणाले. "अळणावरकडं. तापाचं निमित्त झालं. आम्हाला कळायलाही..."

"नाही," गुरुराज म्हणाला.

"गुरू, तू आत जा."

"नाही, अण्णा. माझ्या बायकोला माहेर नव्हतं." तो राघवेंद्ररावांकडं वळला. "ती त्या खोलीत होती. तुम्ही लाडू खाल्लेत तेव्हा ती दहा हातांवर होती. रवा तिनं चाळला होता. तिला आठ वर्षं भ्रमाचा विकार होता. तुम्हाला कळू नये म्हणून आम्ही तिला कोंडलं, आणि तिच्या पोटात अपेंडिक्स पिकत असताना तिनं पदर तोंडात कोंबून तुम्हाला ऐकू येऊ दिलं नाही. आता हे तुम्हाला कळलंय. तिथी धरा नाहीतर धरू नका."

 राघवेंद्रराव काठी घेऊन कुणाकडंही न बघता उठले आणि गेले. त्यांचं पत्र पुन्हा आलं नाही. गोदावरी वहिनींनी भिंतीवर कपाळ आपटून घेतलं. "माझ्या पोरीचा गळा कापलास रे! मेलेली मेली, जिवंत होती तिला पण मारलंस!"

श्यामला माजघराच्या दारात उभी होती. ती वहिनींजवळ गेली नाही की गुरुराजजवळ आली नाही. ती मागच्या खोलीकडं गेली आणि तिनं ते दार दोन्ही फळ्या उघडून भिंतीला टेकवलं. दार पुढं येऊ नये म्हणून खाली पाटा सरकवून ठेवला. तो पाटा अजून तिथंच आहे.

त्या दुपारी गुरुराजनं कपाटाच्या दाराचा कागद सोडवला आणि तो घेऊन तो गावाबाहेर गेला. गलगलींच्या टेबलावर तो कागद ठेवून म्हणाला, "यात एक ओळ कमी आहे, डॉक्टर." गलगलींनी काही न विचारता टाक उचलला आणि लिहिलं, 'कुठं दुखतं ते रोज विचारावं. उत्तर कसंही असलं तरी पोट, छाती, डोकं बघून घ्यावं.' मग ते दोघं मुतालिकांकडं गेले. त्या भेटीत काय बोलणं झालं ते फारसं कुणाला ठाऊक नाही. एवढं खरं, की पुढच्या गुरुवारपासून दर गुरुवारी गलगली सायकलवरून मुतालिकांच्या दवाखान्यात येऊन भ्रमिष्ट रोग्यांना त्यांच्याबरोबर तपासू लागले, आणि त्यासाठी कुणाला त्यांना बोलवावं लागलं नाही. शाळा सुटली की गुरुराजही तिथं जाऊन बाकावर बसे. लोक आपल्या भ्रमिष्ट माणसाला तोंडावर पदर ओढून, गल्लीबोळातून आणत. दारातच थबकत. गुरुराज उठून त्यांना आत घेई.

मौनप्पानं अजून हातोडी उचलली नव्हती. एके दिवशी गुरुराज त्याच्या दुकानात गेला आणि म्हणाला, "मौनप्पा, काम सुरू करा. तुमचा आवाज नसला की मला त्या दोन दिवसांतलं घर आठवतं." दुसऱ्या दिवशी नवाला टिक टिक सुरू झालं.

अशाच एका गुरुवारी अळणावरकडचा एक शेतकरी, नागोजी, आपल्या सुनेला घेऊन आला. सून घोंगडीत तोंड लपवून बसली होती.

"कुठं दुखतं म्हणते ती?" गुरुराजनं विचारलं.

"दुखत न्हाई काय, मास्तर. नुसतं बरळतीया. दोन म्हयने झालं, छातीत कोणतरी जातं फिरवतंय म्हणतीया. येडंच की ते. तुमास्नी काय सांगायचं?"

"तेच सांगा," गुरुराज म्हणाला. "कुठल्या बाजूला जातं फिरतं, कधी फिरतं, चालताना की निजल्यावर, ते सांगा."

आणि डॉक्टर मुतालिकांनी आपली खुर्ची त्या बाईजवळ ओढली.